सदर महिला माझी पत्नी नाही

देशाच्या सीमेवर माणसाच्या ओळखीची खरी कसोटी लागते. हे वाक्य माझं आहे. बदनापूरच्या शाळेत नववीला नागरिकशास्त्र शिकवताना मी ते कितीतरी वर्षं फळ्यावर लिहून दिलं आणि मुलांनी ते उत्तरपत्रिकेत उतरवून गुण मिळवले. ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे काटेरी तारा असायच्या, बुरूज असायचे, आणि आलेल्या माणसाचा कागद उजेडात धरून बघणारा एक कठोर अधिकारी असायचा. तोवर मी स्वतः ओलांडलेली सगळ्यात मोठी सीमा जालना जिल्ह्याची होती. तिथे एसटी थांबायची, पण ती ड्रायव्हरच्या चहासाठी.

खरी सीमा ओलांडायची वेळ आली ती माझ्या सासूबाईंमुळे. त्यांना मी मामी म्हणतो आणि सासऱ्यांना मामा, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे. दोघं घनसावंगी तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावात राहत. थोडा ऊस, बाकी कापूस. थोरली मुलगी माझी बायको. धाकटी जालन्याच्या एका फोरमनला दिलेली होती. हा माझा साडू एमआयडीसीत, सळ्यांच्या कारखान्यात काम करायचा. लालभडक लोखंडाचा साप रुळांमधून वळवायची कला त्याला येत होती. पुढे नेपाळात वीरगंजजवळ कोणी तसाच कारखाना काढला, तिथे अशी कला येणारी माणसं हवी होती, म्हणून तो बायकोला घेऊन तिकडे गेला. गावात बरेच दिवस चर्चा होती की गुरखे तिकडून इकडे येतात ते समजलं, पण हा इकडून तिकडे कशाला गेला.

दसऱ्याच्या सुमारास साडूचा फोन आला. मेहुणीला दिवस होते, आठवा संपत आला होता, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उतरायलासुद्धा मनाई केली होती. प्रवासाचं नावच नको. म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी होणार नव्हतं. ही बातमी घेऊन आम्ही नवरा-बायको गावी गेलो तेव्हा मामी ओसरीवर डाळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला आणि म्हणाल्या,

"पहिलं बाळंतपण माहेरीच व्हतं."

"आई, तिला हलायचं नाही म्हणतात," माझी बायको म्हणाली.

"मंग तिनं कशाला हलायचं? तिला माहेरी येता येत न्हाई, तर माहेर जाईल तिकडं."

"माहेर म्हंजी काय एसटी हाय का?" मामांनी विचारलं.

"एसटीच हाय असं समजा. तुम्ही बसा कापूस येचत."

मामा कापसामुळे निघू शकत नव्हते. माझ्या बायकोच्या मागे दोन लहान मुलं होती. दिवाळीची सुट्टी फक्त मलाच होती. जावयाला सासुरवाडीत पाटावर बसवतात, रुखवत दाखवतात, आणि मग अशा वेळी तो उपयोगी पडतो.

तयारी सुरू झाली. डिंकाचे लाडू, हळीव, ओवा, सुंठ, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, कुंच्या, टोपडी. माहेर एका पत्र्याच्या डब्यात आणि दोन बोचक्यांत मावलं. राहिला फक्त कागद. काठमांडूहून निघालेलं विमान पळवलं गेलं त्याला अजून वर्ष व्हायचं होतं, आणि साडूने फोनवर बजावलं होतं, "भाऊजी, पहिल्यासारखं न्हाई राह्यलं. मतदार कार्ड पाहिजे म्हंजी पाहिजे. फोटोवालं. बिनकागदाचं माघारी लावून राह्यले."

मामांनी ट्रंक उघडून, तळाच्या धोतराखालून मामींचं कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं. कपाळापर्यंत पदर घेतलेल्या, फोटोवाल्याकडे संशयाने बघणाऱ्या मामी त्यावर होत्या. मी नाव वाचलं, बरोबर होतं. वय वाचलं, सरकारने पाच वर्षं सूट दिलेली होती. मग पतीचं नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं.

"मामा," मी म्हणालो, "हे तर पोलीस पाटलांचं नाव आहे."

"कुठं?"

"तुमच्या जागी."

मग मामांनी कार्ड घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. ते चौथी शिकलेले होते आणि एवढं वाचण्यासाठी चौथी पुष्कळ झाली.

"सहा वर्षं!" ते म्हणाले. "सहा वर्षं ह्या कार्डावर तू मत टाकून राह्यली!"

"म्या काय वाचलं व्हय? तुम्हीच ठिवलं की धोतराखाली. तुम्ही तरी वाचायचं."

ही चूक कशी झाली ते मामींनीच सांगितलं, आणि ऐकल्यावर मला वाटलं की दुसरं काही होणंच शक्य नव्हतं. गावच्या शाळेत फोटो काढायचं शिबिर होतं. बायकांची रांग वर्गात, पुरुष बाहेर व्हरांड्यात. कारकून प्रत्येकीला नवऱ्याचं नाव विचारायचा. आता नवऱ्याचं नाव कोणी बाई घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. म्हणून रीत अशी, की रांगेत मागे असलेली बाई पुढचीच्या नवऱ्याचं नाव सांगते. ही सोय एरवी उत्तम चालते. पण मामींच्या मागे त्यांची धाकटी जाऊ होती. थोरल्या दिराचं नाव तिला घेता येत नव्हतं. तिच्या मागे पुतणसून, तिला चुलत सासऱ्याचं नाव घेता येत नव्हतं. तिच्या मागे आणखी एक सून. सगळी रांग भावकीची. मामांचं नाव सबंध रांगेला पाठ होतं आणि रांगेतल्या एकीलाही घेता येत नव्हतं.

कारकून वैतागून म्हणाला, "मग मालक आहेत तरी कुठे?" मामींनी हनुवटीने खिडकीकडे दाखवलं. खिडकीबाहेर मामा उभे होते, आणि त्यांच्या शेजारी, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, पोलीस पाटील. कारकुनाने आतूनच हाक मारली, "अहो, नाव काय तुमचं?" गावात सरकारी माणसाने नाव विचारलं तर ते आपलंच विचारलं असणार, याबद्दल पोलीस पाटलांच्या मनात कधी शंका नव्हती. त्यांनी एक पाऊल पुढे येऊन आपलं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव खणखणीत आवाजात सांगितलं. मामा शेजारीच होते. पण अधिकाऱ्यांशी पोलीस पाटील बोलतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते मध्ये पडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही घनसावंगीला तहसील कार्यालयात गेलो. दुरुस्ती होईल, तिथला कारकून म्हणाला, पण याद्या पुन्हा तयार होतील तेव्हा. त्या कधी होतील ते वरचे सांगतील. रेशनकार्ड होतं, पण त्यावर फोटो नव्हता. म्हणजे मामींचा खरा नवरा एका कागदावर होता आणि चेहरा दुसऱ्यावर. दोन्ही कागद शेजारी ठेवले की बाई पूर्ण व्हायची, पण नवरे दोन व्हायचे.

कारकून बिचारा भला होता. तो म्हणाला, "असं करा गुरुजी, साहेबांपुढं एक प्रतिज्ञापत्र करा. अन् पोलीस पाटलाचा एक दाखला जोडा, की ही बाई माझी कोणी नाही म्हणून. तो माणूस स्वतःच नाही म्हणाला तर मंग कोण काय म्हणेल?"

पोलीस पाटलांच्या घरी मामा आले नाहीत. मी आणि मामी गेलो. पोलीस पाटलांनी चष्मा लावून कार्ड पाहिलं आणि त्यांचा चेहरा, का कोण जाणे, किंचित खुलला. आपलं नाव सरकारी कागदावर छापलेलं पाहून त्यांना एकदम वाईट वाटणं शक्य नव्हतं. मग प्रसंगाचं गांभीर्य ओळखून त्यांनी खाकरून घेतलं, शाईचा पेन काढला, गोल शिक्का फुंकर मारून तयार ठेवला आणि लिहायला बसले. तो दाखला मला अजून पाठ आहे. "दाखला देण्यात येतो की, सदर महिला ही या गावची कायम रहिवासी असून सदर महिला माझी पत्नी नाही. ती पूर्वीही कधी माझी पत्नी नव्हती. सबब, सदर दाखला सीमा ओलांडण्याच्या कामी देण्यात येत आहे." खाली सही, तारीख, शिक्का. शिक्का दोनदा मारला, कारण पहिला फिका उमटला.

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अन् मी हाय, म्हणून बी एक लिहून द्या मंग! मह्याजवळ तरी कुठं कागद हाय?"

मामी पदराआड इतक्या हसल्या की त्यांना चहाची बशी खाली ठेवावी लागली.

प्रतिज्ञापत्राचं मात्र जमलं नाही. साहेब तरुण होते, नवीन होते आणि नियमाने चालायचं त्यांनी नुकतंच ठरवलेलं होतं. सगळं लिहून झाल्यावर ते मामींना म्हणाले, "मावशी, तुमच्या पतीचं नाव तुमच्या तोंडानं सांगा. मला ते ऐकून सही करायची आहे."

मामींनी पदर पुढे ओढला. शेजारी मामा उभे होते, तेच म्हणाले, "साहेब, मी सांगतो ना. मीच हाय तो."

"तुम्ही नाही. यांनी सांगायचं."

"न्हाई घेत मी नाव," मामी जमिनीकडे बघत म्हणाल्या. "आयुष्य कमी व्हतं त्यांचं."

"घे की," मामा म्हणाले. "व्हऊ दे दोन-चार वर्षं कमी. नाहीतरी शेवटची दोन-चार दवाखान्यातच जातेत."

कारकुनाने तोड सुचवली. "उखाण्यात घ्या मावशी. उखाण्यात चालतं."

मामींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो फायलीत बघू लागला. "लग्नात घेतला एकदा उखाणा. त्यावर निभावलं आजवर," त्या म्हणाल्या. "हे तहसील हाय. हळदीकुंकू लावून राह्यले का इथं?"

साहेबांनी सही केली नाही. परत येताना, काळीपिवळी जीपमध्ये, सोळा माणसांत दाटीने बसून, मामा पहिल्यांदाच चिंतेने मला म्हणाले, "जावईबापू, तिथं बी हेच इचारलं तर? घेणार न्हाई ती. माघारी लावतेल." मामी मागच्या बाकावर होत्या. त्यांनी ऐकलं असावं.

तर अशा तऱ्हेने आम्ही निघालो. रेशनकार्ड, मतदार कार्ड, तलाठ्याचा रहिवासी दाखला, पोलीस पाटलांचा नकारदाखला आणि बिनसहीचं प्रतिज्ञापत्र एका दुधाच्या पिशवीत घालून मामींनी ती कमरेला खोचली. जालन्याहून मनमाड, तिथे मोठी गाडी, मग मुजफ्फरपूर, मग रक्सौल. जावयाबरोबर प्रवास करण्याची मामींची ही पहिलीच वेळ. त्या माझ्यासमोर बसल्या नाहीत. खिडकीपाशी तोंड फिरवून, पदर सावरून बसल्या. माझ्यासमोर जेवल्याही नाहीत. मी पाणी आणायला उतरलो की परत येईपर्यंत त्यांची भाकरी संपलेली असायची. म्हणून मी दर स्टेशनवर पाणी आणलं.

भुसावळच्या अलीकडे त्या म्हणाल्या, "जावईबापू, आपल्या धाकटीला कसं हाय बघा, भ्या वाटलं की ती बोटं मोडती. लहानपणापासून. आत्ता बी मोडत आसल." मग थोड्या वेळाने, "मला माघारी लावलं तर तिच्या उशाशी कोण बसंल?" मी म्हणालो, "नाही लावणार." हे कशाच्या आधारावर म्हणालो ते मला माहीत नव्हतं आणि मामींना कळलं होतं.

गाडी पुलावरून धडधडू लागली तशी त्यांनी विचारलं, "ही कोणती नदी?"

"तापी."

पुढे दुसरा मोठा पूल आला. "अन् ही?"

"नर्मदा." मी नर्मदेचा उगम सांगितला, ती पश्चिमेला का वाहते ते सांगितलं. मला फार बरं वाटलं. तिसावं वर्ष ओलांडल्यावर भूगोल ऐकणारं माणूस मिळणं कठीण असतं. मामी ऐकत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. पोथीतलं काही म्हणत असाव्यात, असं मी धरून चाललो. गंगा आली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि मला विचारलं, "आता अजून कोणती मोठी नदी हाय का मधी?" मी म्हणालो, "एक गंडक आहे." त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "ती ऱ्हाऊ द्या."

रक्सौलला उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं. सीमेपलीकडे जायला टांगे होते. आम्ही डबा, बोचकी आणि मामी असं सगळं एका टांग्यात चढवलं. टांगेवाल्याने घोड्याला नावाने हाक मारली आणि निघाला. पुढे एक पूल लागला. पुलाखालचं पाणी इतकं काळं होतं की त्यापुढे जालन्याच्या कुंडलिका नदीनेसुद्धा मान ताठ केली असती. दोन राष्ट्रांना विभागण्याचं काम ते करत होतं. पुलावर आमच्या पुढे कांद्याच्या हातगाड्या, सायकली, शाळेच्या गणवेशातल्या मुली, एक आजारी म्हातारा खाटेवर आणि सहा शेळ्या होत्या. आपल्या बाजूला पत्र्याची शेड आणि तिच्यापुढे एक काठीवाला. त्याने आमच्याकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं आणि काठीनेच पुढे जा म्हणून खुणावलं.

"झालं?" मामींनी विचारलं.

"आपल्या बाजूचं झालं."

"कागद?"

"नाही विचारले."

मामींनी कमरेची पिशवी चाचपली. पूल संपला. पलीकडे पोलिसांची चौकी होती, आणि चौकीपुढे निळ्या शर्टातला एक शिपाई स्टुलावर बसून मुळा सोलत होता. त्याने मान वर केली, पुन्हा खाली घातली. आमचा टांगा त्याच्यासमोरून निघालाच होता.

"थांबव रे बाबा," मामी म्हणाल्या. मराठीतच म्हणाल्या, पण त्या आवाजाला कोणत्याही देशात टांगा थांबला असता.

"मामी, सोडलंय त्यांनी. चला."

"तसं न्हाई चालत, जावईबापू." त्या खाली उतरल्या होत्या. "उद्या कुणी म्हणलं, ही बाई चोरून आल्ती, तं? लेकीच्या दारात मी चोरून न्हाई जायची. बराबर जायची."

त्यांनी कमरेची पिशवी काढली, चौकीशी गेल्या आणि मतदार कार्ड शिपायाच्या हातातल्या मुळ्यापुढे धरलं. मी मागे धावलो.

"माताजी, जाइए, जाइए," तो म्हणाला.

"बघा," मामी म्हणाल्या.

मुळा बाजूला ठेवून, हात पँटला पुसून त्याने कार्ड घेतलं. इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. नेपाळी आणि मराठी यांची लिपी एकच. हा माणूस कार्ड वाचू शकत होता. आणि त्याने ते मोठ्याने वाचलं. मामींचं नाव. मग, बोट ठेवून, एकेक अक्षर सुटं करत, पतीचं नाव. घनसावंगी तालुक्यातल्या पोलीस पाटलांचं पूर्ण नाव परराष्ट्राच्या भूमीवर, टांगेवाला, हमाल आणि सहा शेळ्यांच्या उपस्थितीत उच्चारलं गेलं. त्यांना हे कळतं तर त्यांनी तिथेही एक पाऊल पुढे टाकलं असतं.

मी मामींच्या हातची दुधाची पिशवी घेऊन घाईघाईने दाखला शोधू लागलो. पण मामी माझ्यासाठी थांबल्या नाहीत.

"खोटं हाय ते!" त्या म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, हात जोडल्यासारखे समोर धरले आणि हळदीकुंकवाला बायका म्हणतात तसा, पण रानातल्या माणसाला हाक मारावी एवढ्या आवाजात उखाणा घेतला,

"तापी गेली, नर्मदा गेली, मागं राह्यली गंगा,
…रावांची बायको मी, कोण अडवतं सांगा!"

मोकळ्या जागी माझ्या सासऱ्यांचं नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही. लग्नानंतरच्या पस्तीस वर्षांत ते एकदाच घेतलं गेलं आणि ज्यांनी घ्यायचं त्यांनी घेतलं.

शिपायाला मराठीतलं एक अक्षर कळलं नसावं. पण त्याच्या मागून भाजीची टोपली घेऊन चाललेली एक बाई जागीच थांबली. तिने टोपली एका हाताने सावरली, दुसऱ्या हाताने तोंड झाकलं आणि शेजारणीला म्हणाली, "अरे माई, नाम ले लिया! मरद का नाम ले लिया!" पुलाच्या दोन्ही बाजूंना, असं मला त्या दिवशी समजलं, बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तार नव्हती, बुरूज नव्हता, आणि जी रीत आम्ही गोदाकाठची समजत होतो ती आमच्या आधीच सीमा ओलांडून तिथे बसली होती. आणखी दोघी-तिघी थांबल्या. एकीने मामींच्या हाताला हात लावला. दुसरी म्हणाली, "इतनी दूर से आई है, बेटी के लिए आई होगी." मामींना हिंदी येत नाही. त्या म्हणाल्या, "हाव, लेकीसाठीच." टांगेवाल्याने, कशासाठी ते न कळताही, टाळ्या वाजवल्या.

शिपाई उठून उभा राहिला होता. त्याने कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं, मामांनी मला दिलं होतं तसं. मग काहीतरी विचारायला हवं म्हणून त्याने विचारलं, "डिब्बे में क्या है?" मामींनी डबा उघडून त्याच्या हातावर एक लाडू ठेवला. त्यांच्या मते सीमेचं काम तिथे पूर्ण झालं. टांग्यात चढताना त्या मला म्हणाल्या, "त्या तहसिलातल्या साहेबाला सांगा आता. म्हणावं, घेतलं."

आम्ही पोचल्यानंतर पाचव्या दिवशी मेहुणीला मुलगी झाली. दवाखान्यात मामी तिच्या उशाशी होत्या. मेहुणीने नंतर सांगितलं की तिने बोटं मोडायला हात वर घेतला तर आईने तो धरून ठेवला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. साडूच्या दोन खोल्यांत आठवड्याच्या आत ओव्याची धुरी, शेगडी, खारीक-खोबरं आणि अंगाईचा आवाज असं सगळं सुरू झालं. शेजारच्या बायका बाळाला तेल लावण्याची आमच्याकडची पद्धत बघायला येऊ लागल्या. बारशाच्या दिवशी त्यांनी मामींना पुन्हा उखाणा घ्यायला लावायची पुष्कळ खटपट केली. मामींनी घेतला नाही. एकदा पुरे, म्हणाल्या.

मुलगी झाली त्याच दुपारी मी वीरगंजच्या फोनच्या दुकानातून गावच्या फोनवर मामांना बोलावून घेतलं आणि आधी नातीची बातमी सांगितली. ते आनंदाने काहीतरी ओरडले. मग मी पुलावरची हकिकत सांगितली.

"नाव घेतलं म्हंता?"

"घेतलं, मामा."

"बराबर घेतलं?"

"बरोबर. 'राव' लावून."

फोनवर खरखर आली. मग ते म्हणाले, "मी नव्हतो तिथं." एवढंच म्हणून त्यांनी कापसाचं विचारावं तसं माझ्या तब्येतीचं विचारलं आणि फोन ठेवला. त्यानंतर ते अठरा वर्षं जगले. आयुष्य कमी झालं असेल तर मुळात किती होतं, याचा हिशोब कोणाकडे नाही.

बारसं झालं आणि सुट्टी संपली, म्हणून मी एकटाच परत निघालो. मामी सव्वा महिन्याने, साडूबरोबर येणार होत्या. चौकीपाशी तोच शिपाई होता. त्याने मला ओळखलं आणि माताजींचं विचारलं. मी नागरिकशास्त्राचा शिक्षक. सगळं व्यवस्थित झालेलं असावं म्हणून मी त्याला म्हटलं, की आमच्या येण्याची नोंद तुमच्या वहीत आहे ना, तारीख जरा दाखवता का. तो हसला. वही विदेशी लोकांची असते, तो म्हणाला. भारतातून येणाऱ्यांची नोंद इथे कोणी ठेवत नाही.

म्हणजे कागदोपत्री मामी तो सबंध काळ आपल्या गावातच होत्या, पोलीस पाटलांच्या घरी.